थोरला कोणता?

बारशाला जमलेल्या बायका घुगऱ्या खाऊन घरी गेल्या की कोण काय बोललं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि राहू नये हेच बरं. पण त्या बुधवारी छबूबाई जे दोन शब्द बोलून गेल्या ते प्रणिताच्या कानात अडकले ते अडकलेच.

छबूबाई म्हणजे प्रणिताच्या नवऱ्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर चार वर्षांच्या शुभांगीला कडेवर घेऊन त्या लिंबोणीला माहेरी आल्या, भावाच्या घराला लागून दोन खोल्या उठवल्या आणि शेळ्यांच्या जिवावर उभ्या राहिल्या. त्याच शुभांगीला आता जुळे मुलगे झाले होते. दवाखान्यात बांधलेल्या पट्ट्या अजून बाळांच्या मनगटावर होत्या. एकाच्या पट्टीवर एकचा आकडा, दुसऱ्याच्या पट्टीवर दोनचा.

पाळण्यात आधी थोरल्याला घालायचं म्हणून प्रणितानं एक आकड्याचं बाळ उचललं. छबूबाईंनी तिचा हात धरला.

“त्याला न्हवं. ते धाकटं हाय. थोरला ह्यो.”

“वन्सं, त्याला दोनची पट्टी हाय. सहा मिनिटं मागनं झालाय तो.”

“मागनं झाला म्हनूनच थोरला. आधी पोटात गेला तो आत जाऊन बसला, मागनं आला तो दाराशी ऱ्हायला. भायेर पडताना दाराशी असंल त्योच आधी पडनार का न्हाई? दवाखान्याचं काय, आकडे टाकून मोकळे.”

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. यात सांगण्यासारखं काय आहे, असंच प्रत्येकीच्या तोंडावर होतं. बार्शीच्या पेठेत लहानाची मोठी झालेल्या प्रणिताला मात्र हे नवीन होतं. ती हसली, आणि हसता हसता तिनं विचारलं, शेळीच्या करडांचंही असंच धरता का?

“शेळीचं पोट काय उलटं असतंय?” छबूबाई म्हणाल्या, आणि घरभर हशा पिकला.

प्रणितानं मात्र हातातलं बाळ शेजारणीकडं दिलं आणि ती थेट गोठ्याकडं बघायला लागली.

प्रणिता लिंबोणीची पशुसखी. शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेली शेळी सोडवायची, ही कामं ती दहा वर्षं करत होती. पाच वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या पैदास केंद्रानं तिच्या पिशवीत दोन वस्तू आणखी घातल्या. एक नमुन्याच्या नळ्यांचा खोका, आणि एक चिमटा. बोकड खच्ची करायचा.

नळ्यांचं शास्त्र तांबोळी मॅडमनी शिकवलं होतं. डॉक्टर फातिमा तांबोळी केंद्रातल्या शास्त्रज्ञ, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी सांगितलं, प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, त्याची एक प्रत बापाकडून येते, एक आईकडून. शेळीच्या मजकुरात तीनशे कोटींच्या आसपास अक्षरं, पण वर्णमाला चारच अक्षरांची. दोन शेळ्यांचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो, फक्त मधे मधे एखादं अक्षर बदलतं. हजारो शेळ्यांची वजनं आणि त्यांचे मजकूर शेजारी शेजारी मांडून बघितले, तेव्हा दिसलं की ठरावीक जागी ठरावीक अक्षरं असलेली करडं भराभर वाढतात. ती अक्षरं म्हणजे खुणा. खुणा मोजून यंत्र शून्य ते शंभर असा एक आकडा काढायचं, त्याचं नाव वाढांक. त्यातली एक खूण सगळ्यात जड, ती असली की आकडा वर चढायचा.

“खूण म्हणजे वाढ नव्हे,” मॅडमनी बजावलं होतं. “लांबून कळस दिसला की खाली देऊळ आहे असं आपण धरतो ना, तसं.”

देवळाशेजारी काय आहे ते कळसावरून कसं कळायचं, असं प्रणितानं तेव्हा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, ते कळत नाही. मजकूर पुढच्या पिढीत जाताना अक्षर अक्षर सुटं जात नाही, ओळीच्या ओळी एकत्र जातात. खुणेच्या शेजारी जे काही असेल ते खुणेचं बोट धरून जातं. प्रश्न चांगला होता आणि उत्तरही खरं होतं, पण तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

नियम सोपा होता. पन्नासच्या खालचा बोकड पैदाशीला ठेवायचा नाही, तिसऱ्या महिन्याच्या आत खच्ची करायचा. गावानं या आकड्याचा ‘वाडंक’ केला आणि त्याला डोक्यावर घेतलं. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा चेष्टेनं विचारायचे, पोरीचा वाडंक किती? चेष्टाच ती, पण विचारणाऱ्याची नजर पोरीच्या दंडावर असायची.

तीन वर्षांपूर्वी छबूबाईंची गुणी नावाची शेळी व्याली तेव्हा प्रणिता तिथं होती. दोन्ही बोकड, दोन्ही कोळशासारखे काळे, अंगावर पांढरा केस नाही. पहिला पडला, त्याच्या नाळेचा तुकडा तिनं एक नंबरच्या नळीत घातला. दुसरा पडला, त्याचा दोन नंबरच्या. त्या काळी नळ्या केंद्रात जायच्या आणि आकडा यायला दोन महिने लागायचे. आकडे आले. एक नंबर, एक्याण्णव. दोन नंबर, अडतीस. एक्याण्णव हा जिल्ह्यात कुणालाच मिळाला नव्हता.

प्रणिता बिल्ले आणि चिमटा घेऊन धावतच छबूबाईंच्या गोठ्यात गेली. दोन महिन्यांचे दोन काळे बोकड एकमेकांना टकरा देत होते. तिला काही ओळखू येईना. पण छबूबाई आपली जनावरं आवाजावरून ओळखायच्या, मग प्रश्न कसला? तिनं विचारलं, “वन्सं, थोरला कोणता?”

पहिला कोणता आला असं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिनं विचारलं थोरला कोणता, आणि छबूबाईंनी थोरला दाखवला.

त्याच्या कानात एक्याण्णवचा बिल्ला बसला. दुसऱ्याला तिनं पायात धरलं आणि चिमटा दाबला.

पुढं थोरल्याचं नाव जिल्हाभर झालं. दोन वर्षांत कृत्रिम रेतनानं त्याचं बी सगळ्या तालुक्यात गेलं आणि त्याची दोनशेबारा करडं झाली. बापाचा आकडा ठरलेला, म्हणून करडांची तपासणीच होत नसे. यंत्र आईबापांच्या आकड्यांवरून त्यांचा आकडा काढून द्यायचं. पंचायतीच्या भिंतीवर थोरल्याचं चित्र रंगवलं गेलं. नवऱ्यामागं ज्या बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, तिच्या दारात परगावच्या गाड्या थांबायला लागल्या. बोकड तसा बेताच्याच अंगाचा होता. पण आकडा एकदा कपाळावर बसला की माणसाचे डोळेही आकड्याच्या बाजूनं साक्ष देतात. लोक म्हणायचे, काय ऐट आहे बघा.

आणि धाकटा? तो भोपळ्यासारखा फुगत गेला होता. खच्ची केलेलं जनावर अंग धरतंच, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आठव्या महिन्यात, वैशाखाच्या ऐन दुपारी, बाभळीखाली उभा असताना तो गुडघ्यावर आला, धापा टाकल्या आणि मेला. छबूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी प्रणितानं थोरल्याच्या शेपटीचे चार केस मुळासकट उपटले. आता नळ्या केंद्रात पाठवाव्या लागत नव्हत्या, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र तिच्या घरीच होतं. नोंद होऊ नये म्हणून तिनं ते सरावावर लावलं. चाळीस मिनिटं लागायची. तेवढ्यात तिनं भाकरीचं पीठ मळलं, ते सैल झालं, त्यात आणखी पीठ घातलं, ते घट्ट झालं. यंत्र वाजलं तेव्हा परातीकडे बघत ती तशीच बसून राहिली. मग उठली.

अडतीस.

तिनं परत केस घातले, परत चाळीस मिनिटं थांबली. यंत्राला तिच्या जिवाचं काय पडलं होतं? अडतीस म्हणजे अडतीस.

चुकीच्या बोकडाला मान मिळाला, एवढंच असतं तर ती गप्प बसली असती. गावात चुकीच्या माणसांना मान मिळतो तेव्हा आपण कुठं बोलतो? पण गेल्या दोन उन्हाळ्यांत शेजारच्या तालुक्यांतून बातम्या येत होत्या. ती जड खूण असलेल्या बोकडांची करडं चार महिन्यांत भरायची, आणि पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की गुडघ्यावर यायची. धापा टाकायची. मरायची. एकट्या लिंबोणीच्या तालुक्यात एकही मेलं नव्हतं, आणि इथंच तर सगळ्यात मोठ्या आकड्याचा बोकड. त्यामुळं केंद्राचं मत झालं होतं की खुणेत काही खोट नाही, बाकीच्या लोकांनीच सावली-पाण्याची हयगय केली. इथल्या करडांची वजनं थोडी कमी भरायची, पण ते चारा कमी म्हणून, असं धरलं गेलं.

आणि येत्या शनिवारी तांबोळी मॅडम लिंबोणीला येणार होत्या. लिंबोणीच्या पुराव्यावर ती खूण सगळ्या राज्याला लावायची, आणि खूण नसलेला एकही बोकड पैदाशीला ठेवायचा नाही, असा निर्णय त्या गावातच जाहीर करणार होत्या.

प्रणिताला उमगलं, खुणेचं बोट धरून उन्हातलं मरणही पुढच्या पिढीत जात होतं. कळसाशेजारी काय आहे ते आता तिला दिसत होतं, आणि अख्ख्या महाराष्ट्रात ते फक्त तिलाच दिसत होतं. बोलावं तर थोरल्याची करडं खोट्या कागदाची ठरणार, नियमानं त्यातले बोकड खच्ची होणार, आणि थोरलाही. गप्प राहावं तर उन्हात तगणारं सगळं बी दोन-तीन वर्षांत राज्यातून पुसलं जाणार. तिच्यासारख्याच पशुसख्यांच्या हातून, तिच्या हातात होता तसल्याच चिमट्यानं.

शुक्रवारी सकाळी ती छबूबाईंच्या गोठ्यात गेली. त्या थोरल्याला बाभळीच्या शेंगा चारत होत्या. प्रणितानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. नळ्या, नाळ, बिल्ला, यंत्र.

छबूबाईंनी हातातली शेंग मोडून थोरल्यापुढं टाकली.

“म्हंजी माझ्या धाकट्याला उगंच चिमटा लावलास तू.”

“हो.”

“मला इच्यारलंस थोरला कोन. मी खरं सांगितलं.”

“तुमचं काहीच चुकलं नाही, वन्सं.”

“मग ह्याचं काय चुकलं?” त्यांनी थोरल्याच्या मानेवर हात ठेवला. “आकडा चुकला आसंल तर जाऊन आकड्याला सांग. माझ्या जनावराला कशाला आत वढतीस?”

प्रणितानं समजावून बघितलं. दुसऱ्या तालुक्यातल्या बायकांच्या दावणी रिकाम्या होतील म्हणाली. छबूबाईंनी ऐकून घेतलं, आणि उठता उठता एवढंच म्हणाल्या की तुझं खरं बोलणं माझ्या बोकडाच्या मानेवर बसणार आहे, तेवढं ध्यानात ठेव. मग दार लोटून घेतलं. पंधरा वर्षांत त्या दारातून प्रणिता चहा न घेता कधी परतली नव्हती.

शनिवारी पंचायतीच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. तांबोळी मॅडमनी पडद्यावर नकाशा लावला. आजूबाजूचे तालुके लाल ठिपक्यांनी भरलेले, प्रत्येक ठिपका म्हणजे उन्हानं मेलेली दहा करडं. मधे लिंबोणीचा तालुका पांढरा स्वच्छ. मॅडम खुशीत होत्या. खूण निर्दोष असल्याचं तुमच्या थोरल्यानं सिद्ध केलं, असं त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या छबूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांची नजर पायाच्या अंगठ्यावर होती.

प्रणिता उठून उभी राहिली.

“मॅडम, थोरल्याचा वाढांक अडतीस आहे. बिल्ला मी चुकीच्या बोकडाला लावला.”

ती पुढं बोलत राहिली, न थांबता, थांबली असती तर तिला परत सुरू होता आलं नसतं. शेवटी म्हणाली, “खरा एक्याण्णवचा बोकड पहिल्याच वैशाखात मेला. गुडघ्यावर येऊन. बाकीच्या तालुक्यांत मरतायत तसाच.”

मॅडमचा चेहरा आधी रागानं लाल झाला. मग त्या नकाशाकडं वळल्या, आणि त्यांचा रंग उतरत गेला. ज्या पांढऱ्या जागेकडं बोट दाखवून त्यांनी खुणेची ग्वाही दिली होती, त्या जागेत खूण नव्हतीच. खूण नव्हती म्हणून ती पांढरी होती.

“याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?” त्या हळूच म्हणाल्या, पण प्रणिताला नव्हे, स्वतःलाच. शास्त्रज्ञ बाई सच्ची होती. तिथल्या तिथं तिनं आपलं यंत्र उघडलं, थोरल्याचे केस मागवून तपासले, आणि नोंदवहीतला एक्याण्णवचा आकडा खोडून अडतीस केला. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच तिला ठाऊक होतं. नवा निर्णय आणि पन्नासचा नियम, दोन्ही थांबवायला समितीच्या सह्या लागतील, दोन-चार दिवस लागतील, असं सांगून ती गाडीत बसली.

गाडी वेशीबाहेर पडली नसेल, तोवर गावातले फोन वाजायला लागले.

केंद्रातल्या यंत्राला सह्या लागत नाहीत. बापाचा आकडा बदलला, तशी यंत्रानं दोनशेबारा करडांची नवी बेरीज केली आणि ज्याच्या त्याच्या मालकिणीला निरोप धाडला: आपल्या बोकडाचा वाढांक पन्नासच्या खाली आहे, तीन दिवसांत खच्ची करून घ्यावा, न केल्यास कळप नोंदवहीतून वगळला जाईल. नोंदवहीतून वगळणं म्हणजे लस नाही, औषध नाही, बाजारात पाय ठेवायला परवानगी नाही.

रविवारी सकाळी प्रणितानं दार उघडलं तर अंगणात बायका. प्रत्येकीच्या हातात दोरी, दोरीला बोकड. कुणी तिला शिव्या देत होती, कुणी रडकुंडीला आली होती. एक म्हातारी म्हणत होती, लवकर उरक बाई, मला तिन्ही पोरांना ऊन व्हायच्या आत घरी न्यायचंय, आणि पोरं म्हणजे तिचे बोकड होते. प्रणितानं मॅडमना फोन लावला. सह्या झाल्या नव्हत्या. प्रयत्न करतेय, तोवर कसंही करून थांबवा, एवढंच त्या म्हणाल्या. कसं थांबवायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

गर्दी बाजूला झाली आणि छबूबाई पुढं आल्या. त्यांच्या हातात थोरला होता, कपाळाला ताजं कुंकू लावलेला.

“पैला माझा घे,” त्या म्हणाल्या. “थोरला म्हनून मीच दावला हुता. मागं कशाला ऱ्हाऊ?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि प्रणिताला ते रागापेक्षा जड गेलं. तिच्यामागं, उघड्या दारातून दिसेल अशा फळीवर, चिमटा होता. कालच तेल लावून ठेवलेला, लख्ख. तो नियम होता आणि ती पशुसखी होती. दहा वर्षांत तिनं नियम मोडला नव्हता, आणि कालच तर भर सभेत खरं बोलून मोकळी झाली होती.

“चिमटा मोडलाय,” प्रणिता म्हणाली.

एक बाई पुढं सरकून म्हणाली, बघू, कसा मोडला? दुसरीनं मान उंचावून दारातून आत डोकावायचा प्रयत्न केला. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं उंबऱ्यातच ओळखू येतं.

छबूबाईंनी थोरल्याची दोरी तिच्या हातात दिली आणि तिला ओलांडून घरात गेल्या. फळीसमोर उभ्या राहिल्या. अखंड, तेलानं चमकणारा चिमटा त्यांनी नीट न्याहाळला. मग पदराखाली घेतला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी बघितला,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “पार मोडलाय. जावा घरला.”

छबूबाई खोटं बोलत नाहीत हे लिंबोणीत लहान पोरालाही माहीत होतं. बायका कुरकुरल्या, दोऱ्या सावरल्या आणि एकेक करून निघाल्या. माळाच्या वाटेनं काळ्या बोकडांची रांग चढत गेली. ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं, आणि त्यातलं एकही धापा टाकत नव्हतं.

प्रणितानं चिमटा निकामी झाल्याचं केंद्राला कळवलं. उत्तर लगेच आलं, यंत्राचंच ते, माणसाचं नव्हे. तिनं ते वाचून दाखवलं. नवा चिमटा सोमवारी सकाळी पोच होईल.

मॅडमच्या सह्या सोमवारच्या आत होतील की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रणितानं छबूबाईंकडं बघितलं.

छबूबाईंनी तिच्या हातातून थोरल्याची दोरी परत घेतली.

“चहा ठिवते, ये,” त्या म्हणाल्या. “आन सोमवारचं सोमवारी बघू. नवा चिमटा मोडायला वरवंटा घरचाच हाय.”